सात विजेतेपदं, एक बँक: मेन्स साना सिएनाच्या उदयास्ताचं प्रकरण

२७ जून २०१४ रोजी मिलानमध्ये इटालियन बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा आणि निर्णायक सामना झाला. ऑलिम्पिया मिलानने तो ७४-६७ असा जिंकला आणि १८ वर्षांनी विजेतेपद परत मिळवलं. समोरचा संघ होता मेन्स साना सिएना, आधीच्या सलग सात हंगामांचा विजेता. या सामन्याला उतरला तेव्हा हा क्लब आधीच अवसायनात, म्हणजे कारभार गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, होता. जुलै महिन्यात सिएनाच्या न्यायालयाने त्याला दिवाळखोर ठरवलं. देशातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ पुढच्या हंगामात व्यावसायिक लीगमध्ये नव्हता, आणि त्याला मैदानावरचा कुठलाही पराभव कारण नव्हता.

या क्लबविषयी बोलणारे बहुधा दोन गटांत वाटले जातात. एक गट म्हणतो की सगळं गावातल्या, प्रायोजक असलेल्या बँकेच्या पैशावर विकत घेतलं होतं. दुसरा म्हणतो की संघ थोर होता, बँक बुडाली म्हणून तोही बुडाला. दोन्ही म्हणणी अपुरी आहेत. सिएनाची संघबांधणी अस्सल होती आणि आजही अभ्यास करण्याजोगी आहे. उत्पन्नाची रचना मात्र पहिल्यापासून एका खांबावर, या बँकेवर, उभी होती. हा खांब हलू लागल्यावर हिशेबाच्या वह्यांमध्ये जे झालं ते खेळाच्या पद्धतीतून आलेलं नव्हतं. ते पगाराच्या आकड्यातून आलं. म्हणून दोन्ही बाजू आधी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

शहर आणि संस्था

सिएना हे तोस्काना प्रांतातलं सुमारे ५४ हजार वस्तीचं शहर. १७ कोंत्रादांमध्ये, म्हणजे जुन्या वस्त्यांमध्ये, विभागलेलं आणि उन्हाळ्यात दोनदा होणाऱ्या पालिओच्या घोडशर्यतीत बुडून जाणारं. मेन्स साना इथे १८७१ साली व्यायाम आणि जिम्नॅस्टिक्सची संस्था म्हणून सुरू झाली. इटलीत बास्केटबॉल आला तोही याच संस्थेतून: इदा नोमी पेशोलिनी या इथल्या शिक्षिकेने खेळाचे नियम इटालियनमध्ये आणले आणि १९०७ साली व्हेनिसच्या स्पर्धेत आपल्या विद्यार्थिनींकडून त्याचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. पण मूळ इतकं जुनं असूनही एकविसाव्या शतकापर्यंत या क्लबच्या नावावर एकही राष्ट्रीय विजेतेपद नव्हतं. इटालियन बास्केटबॉलची सत्ता मिलान, वारेझे, कान्तू आणि बोलोन्या इथे होती.

याच शहरात १४७२ पासून मोन्ते देई पास्की ही बँक आहे, आज चालू असलेली जगातली सर्वांत जुनी बँक. बँकेवर नियंत्रण होतं ते एका प्रतिष्ठानाचं, आणि त्याच्या नियामक मंडळावरचे बहुतेक सदस्य सिएनाची नगरपालिका व प्रांतिक प्रशासन नेमत असत. लाभांश प्रतिष्ठानाकडे जाई, तिथून विद्यापीठ, इस्पितळ, संग्रहालय, पालिओ, खेळ असा शहरभर वाटला जाई. बास्केटबॉल क्लबच्या नावापुढे ‘मोन्तेपास्की’ लागलं ते जाहिरातदार म्हणून. पण व्यवहारात हा करार दोन परक्या कंपन्यांमधला नव्हता. देणारे, घेणारे आणि टाळ्या वाजवणारे एकाच गावचे होते. पुढे जे झालं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे, कारण ‘उद्या हे पैसे थांबले तर?’ हा प्रश्न विचारण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

संघ कसा बांधला

नव्या शतकातली पहिली तीन-चार वर्षं खरेदीची होती. तुर्की प्रशिक्षक एर्गिन अतामान यांच्या हाताखाली संघाने २००२ साली लियों इथल्या अंतिम सामन्यात व्हॅलेन्सियाला ८१-७१ असं हरवून सापोर्ता कप ही दुय्यम युरोपीय क्लब स्पर्धा जिंकली. २००३ साली युरोलीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांत, धडक मारली आणि बार्सिलोनात त्रेव्हिझोकडून ६५-६२ अशी हार पत्करली. पुढच्या हंगामात कार्लो रेकाल्काती प्रशिक्षक झाले. २००४ साली फोर्तितुदो बोलोन्याला अंतिम मालिकेत ३-० ने हरवून सिएनाने पहिलं स्कुदेत्तो, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपद, मिळवलं. त्याच वसंतात तेल अवीवला याच फोर्तितुदोने युरोलीगच्या उपांत्य सामन्यात त्यांना जादा वेळेत १०३-१०२ असं, एका गुणाने, रोखलं होतं.

त्यानंतरचे दोन हंगाम साधारण गेले, आणि २००६ मध्ये क्लबने घेतलेला निर्णय या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय आहे. बाहेरचा नावाजलेला प्रशिक्षक न आणता सिमोने पियानिजानी यांना मुख्य प्रशिक्षक केलं. वय ३७, जन्म सिएनाचा, क्लबच्या कुमार संघांवर अनेक वर्षं काम, आणि आधीच्या प्रशिक्षकांचा सहायक. फेर्दिनांदो मिनुच्ची सरव्यवस्थापक होते. या जोडीने २००७ ते २०१२ सलग सहा विजेतेपदं मिळवली. २०१३ चं सातवं लुका बांकी यांच्याकडे प्रशिक्षकपद आल्यावर आलं. तेही बाहेरचे नव्हते. आधी सहायक होते.

पद्धतीचे तीन भाग नीट दिसतात. पहिला, खेळाडूची निवड नावावरून न करता भूमिकेवरून करणं. टेरेल मॅकइंटायर जेमतेम पावणेसहा फुटांचा गार्ड. एनबीए या अमेरिकन लीगला न पटलेला, इटलीतल्याच दुसऱ्या संघातून घेतलेला. संघाचं आक्रमण त्याच्या पिक-अँड-रोलवर उभं केलं: उंच सहकारी अडथळा लावणार, मॅकइंटायर त्याच्या खांद्याला घासून वळणार, बचाव मागे राहिला तर स्वतः तीन गुणांचा फटका, पुढे आला तर आत धावणाऱ्याला पास. रिमांतास काउकेनास आणि रोमाँ साटो हे कडेने खेळणारे दोघेही धावते आणि बचावात कडक. साटो मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचा. समोरच्या संघाचा सर्वांत धोकादायक बाहेरचा खेळाडू बहुधा त्याच्याच वाट्याला यायचा.

दुसरा भाग म्हणजे टिकाऊ गाभा. शॉन स्टोनरूक २००३ मध्ये आला आणि जवळपास दशकभर राहिला. त्याच्या गुणांची सरासरी पाहून कुणी प्रभावित होणार नाही. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतरचा चेंडू पकडणं, चोरलेले पास, चुकलेल्या सहकाऱ्याच्या जागी वेळेवर पोहोचणं, हे त्याचं काम, आणि सिएनाचा बचाव त्याच्या आवाजावर हलत असे. तोमास रेस आणि मार्को कारारेत्तो हे इटालियन खेळाडू वर्षानुवर्षं बाकावरून येऊन १०-१५ मिनिटं चोख खेळत. इटालियन लीगमध्ये देशात घडलेल्या खेळाडूंची किमान संख्या संघात ठेवावीच लागते. बहुतेक क्लब ही जागा भरायची म्हणून भरतात. सिएनाने तिथे पद्धत मुखोद्गत असलेली माणसं बसवली, त्यामुळे दुसरी फळी आल्यावर बचावाची पातळी उतरत नसे. साखळीनंतरच्या लांबच्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) मालिकांमध्ये, दर दोन दिवसांनी सामना असताना, याची किंमत कळते.

तिसरा भाग बदल्यांचा. तारे जाणारच हे धरून चालायचं. काउकेनास २००९ मध्ये रेआल माद्रिदला गेला. २०१० मध्ये मॅकइंटायर मालागाला गेला आणि साटो ग्रीसच्या पानाथिनायकोसला. एकाच उन्हाळ्यात आक्रमणाचा मेंदू आणि बचावाचा कणा गेले. क्लबने बेलग्रेडच्या पार्तिझानचा बो मॅकॅलेब आणला. हा मॅकइंटायरसारखा दूरचा नेमबाज नव्हता, थेट रिंगवर चाल करणारा होता. मग अडथळ्याची जागा आणि कोन त्याच्या धावण्याला सोयीचे होतील असे बदलले, पण बचावाचे नियम आणि बाकावरची माणसं तीच ठेवली. काउकेनासही परत आला.

हा संघ किती घट्ट होता याचा सर्वांत चांगला पुरावा त्याच हंगामातला आहे. मार्च २०११ मध्ये युरोलीगच्या उपांत्यपूर्व मालिकेतला पहिला सामना ग्रीसमध्ये, पिरेअसला, ओलिम्पिआकोसने ८९-४१ असा जिंकला. ४८ गुणांचा फरक. असा मार खाल्लेला संघ पाच सामन्यांच्या मालिकेत सहसा उठत नाही, त्यातून दुसरा सामनाही तिथेच होता. सिएनाने तो जिंकला, मग घरचे दोन्ही जिंकले आणि मालिका ३-१ ने घेतली. बार्सिलोनातल्या फायनल फोरमध्ये पानाथिनायकोसने त्यांना ७७-६९ असं रोखलं. त्या विजेत्या संघात साटो होता. २००३, २००४, २००८ आणि २०११ असे चार फायनल फोर आणि एकदाही अंतिम सामना नाही, ही या क्लबच्या चाहत्यांची कायमची हळहळ. देशात मात्र अंतिम मालिकांचे आकडेच बोलतात: २००७ मध्ये व्हिर्तुस बोलोन्या ३-०, २००८ मध्ये रोमा ४-१, २००९ आणि २०१० मध्ये मिलान दोन्ही वेळा ४-०, २०११ मध्ये कान्तू ४-१, २०१२ मध्ये पुन्हा मिलान ४-१. शिवाय २००९ ते २०१३ सलग पाच इटालियन चषक.

पैसा कुठून येत होता आणि का पुरत नव्हता

आता दुसरी वही. बास्केटबॉल क्लबला उत्पन्नाचे चारच मोठे मार्ग असतात: प्रायोजक, तिकिटं, प्रक्षेपणाचा वाटा आणि स्पर्धांमधली बक्षीस रक्कम. इटलीत प्रक्षेपणाचा पैसा जवळपास सगळा फुटबॉलकडे जातो, बास्केटबॉलच्या वाट्याला किरकोळ येतो. तिकिटांचं गणित साधं आहे. विआले स्क्लावो या रस्त्यावरचं क्लबचं सभागृह सहा हजारांचं धरू, १६ संघांच्या लीगमध्ये घरचे सामने १५. प्रत्येक खुर्ची भरली आणि सरासरी १५ युरो मिळाले असं मानलं, तरी हंगामाचे साडेतेरा लाख युरो होतात. युरोलीग आणि प्लेऑफचे सामने धरून ही रक्कम दुप्पट करा. तेवढ्यात युरोपच्या पहिल्या चारांत खेळणारे दोन-तीन मुख्य खेळाडू येतील, १२ जणांचा संघ नाही. शहर ५४ हजारांचं, त्यामुळे छत आणखी वर नेता येत नाही. उरलेला सगळा भार प्रायोजकावर, आणि प्रायोजक एकच.

खर्चाच्या बाजूला एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. युरोपियन बास्केटबॉलमध्ये पगाराचा सौदा निव्वळ रकमेत होतो. खेळाडूचा एजंट सांगतो: हातात पाच लाख युरो. त्यावरचा कर आणि सामाजिक सुरक्षेचे हप्ते क्लबने भरायचे. इटलीत त्या काळी ७५ हजार युरोंच्या वरच्या उत्पन्नावर ४३ टक्के दराने आयकर होता. म्हणजे हातात पाच लाख देण्यासाठी क्लबचा कागदावरचा पगार साडेआठ लाखांच्या वर जातो, हप्ते वेगळे. निव्वळ आकडा आणि खरा खर्च यांतली ही दरी हीच क्लबच्या अर्थकारणातली सर्वांत निसरडी जागा. पगाराचा काही भाग ‘प्रतिमेच्या हक्कांचा मोबदला’ म्हणून वेगळ्या कंपनीला दिला, तर त्यावर पगाराचा कर लागत नाही. खेळाडूच्या छायाचित्राचा खरोखर जाहिरातीत वापर असेल आणि रक्कम त्या वापराशी जुळणारी असेल, तर हे कायदेशीर आहे. तसं नसेल तर तो लपवलेला पगार ठरतो. तपास पुढे याच जागेवर आला.

बँकेकडे काय चाललं होतं? नोव्हेंबर २००७ मध्ये मोन्ते देई पास्कीने आंतोनव्हेनेता ही बँक ९ अब्ज युरोंना विकत घ्यायचं ठरवलं. विकणाऱ्या सान्तान्देरला ती काही आठवड्यांपूर्वीच एका मोठ्या व्यवहारात ६.६ अब्ज युरो धरून मिळाली होती. पुढच्याच वर्षी जागतिक आर्थिक संकट आलं. तोटा दडवणारे डेरिव्हेटिव्ह (गुंतागुंतीचे वित्तीय) करार जानेवारी २०१३ मध्ये उघडकीला आले आणि सरकारला सुमारे ४ अब्ज युरोंचा आधार द्यावा लागला. सरकारी मदतीवर जगणारी बँक बास्केटबॉल संघावर पूर्वीसारखा खर्च करू शकत नाही, हे उघड होतं. तिने प्रायोजकत्वाचा करार संपल्यावर पुढे न नेण्याचं ठरवलं. याच बँकेच्या आधारावर चालणारा गावातला फुटबॉल क्लबही २०१४ च्या उन्हाळ्यात लीगमध्ये नोंदणी करू शकला नाही. दोन खेळ, दोन वेगळी व्यवस्थापनं, कोसळण्याचा महिना एक.

उतरणीचे दोन हंगाम

२०१२ च्या उन्हाळ्यात पियानिजानी आणि मॅकॅलेब दोघेही तुर्कस्तानच्या फेनरबाहचेला गेले. बांकी यांच्या संघात दुसऱ्या फळीची ताकद कमी होती. बॉबी ब्राउन हा गुण जमवणारा गार्ड युरोलीगच्या एका सामन्यात ४१ गुण करून गेला, पण साखळीत सिएना पाचवा आला. प्लेऑफमध्ये आधी मिलानला ४-३, मग साखळीतल्या अव्वल वारेझेला ४-३, शेवटी रोमाला ४-१ असं हरवून सातवं विजेतेपद घेतलं. खेळ म्हणून पाहिलं तर सातांपैकी हेच सर्वांत अवघड.

नंतरच्या वर्षी बांकी मिलानला गेले, त्यांच्याबरोबर डेव्हिड मॉस आणि क्रिस्त्यान कांगुर. डिसेंबर २०१३ मध्ये, हंगाम चालू असताना, डॅनियल हॅकेटही तिकडेच गेला. क्लबला रोख हवी असते तेव्हा विकण्यासारखं त्याच्याकडे एकच असतं, चालू करारातला खेळाडू. २०१४ च्या सुरुवातीला भागधारकांनी अवसायनाचा निर्णय घेतला. प्रशिक्षक मार्को क्रेस्पी यांच्याकडे राहिलेला संघ एरिक ग्रीन, ओथेलो हंटर, जॉश कार्टर, मॅट जॅनिंग, स्पेन्सर नेल्सन अशा नवख्या किंवा स्वस्तात मिळालेल्या खेळाडूंचा होता, आणि जुन्या गाभ्यातला रेस. हा संघ अंतिम मालिकेत ३-२ ने पुढे होता. सहावा सामना सिएनात होता. ७२-७२ अशा बरोबरीवर मिलानच्या कर्टिस जेरेल्सने अखेरच्या क्षणी फटका मारला आणि ७४-७२ झालं. सलग आठवा मुकुट दोन गुणांनी हुकला. पैसा संपल्यावरही पद्धत काम करत होती, हे या मालिकेने दाखवलं, आणि ‘सगळं विकत घेतलेलं होतं’ या म्हणण्याला याहून चांगलं उत्तर नाही.

काढून घेतलेली विजेतेपदं

वित्तीय पोलिसांनी क्लबच्या कार्यालयांची झडती घेतली होती ती या पतनाच्या बरीच आधी, डिसेंबर २०१२ मध्ये. चौकशीचा विषय होता खेळाडूंना आणि इतरांना ताळेबंदाबाहेरून गेलेले पैसे आणि चुकवलेला कर. ऑक्टोबर २०१६ मध्ये इटालियन बास्केटबॉल महासंघाच्या न्यायाधिकरणाने २०१२ आणि २०१३ ची दोन्ही विजेतेपदं आणि त्याच दोन वर्षांचे इटालियन चषक रद्द केले. युक्तिवादाचा गाभा असा: जो क्लब कर न भरता पगार देतो, त्याला त्याच पैशात अधिक चांगला खेळाडू मिळतो, नियम पाळणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर त्याला मिळालेला हा फायदा मैदानावरचाच फायदा आहे. वर दिलेलं पाच लाखांचं गणित डोळ्यासमोर ठेवलं तर हा युक्तिवाद पटतो. विजेतेपदं उपविजेत्यांना दिली गेली नाहीत. ती दोन वर्षं नोंदीत रिकामी आहेत. २००४ चं आणि २००७ ते २०११ ची अशी सहा विजेतेपदं क्लबच्या नावावर राहिली.

खेळाडूंवर यात अन्याय झाला असं म्हणायला जागा आहे. वारेझेविरुद्धचा सातवा सामना कुणी कागदावर जिंकला नव्हता. पण सांघिक शिक्षेला दुसरा मार्गही नव्हता, कारण दिवाळखोरीनंतर दंड भरायला क्लबच अस्तित्वात नव्हता.

कुठे थांबवता आलं असतं

२००८ च्या उन्हाळ्यात. क्लब तेव्हा शिखरावर होता, नाव युरोपभर झालेलं होतं आणि आंतोनव्हेनेताच्या खरेदीची किंमत जाहीर झालेली होती. त्या वेळी तीन गोष्टी करता आल्या असत्या. एक, मुख्य प्रायोजकाच्या रकमेचा एकूण उत्पन्नातला वाटा दरवर्षी ठराविक टक्क्यांनी कमी करायचा आणि फ्लोरेन्स-तोस्कानातल्या उद्योगांना छोटे वाटे विकायचे. विजेत्या संघाला हे पहिल्या वर्षी जमतं, सातव्या वर्षी जमत नाही. दोन, प्रायोजकाच्या करारात किमान दोन हंगामांची पूर्वसूचना घालायची आणि खेळाडूंचे करार त्यापेक्षा लांब करायचे नाहीत. तीन, निव्वळ पगाराच्या प्रत्येक करारासोबत कराची रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायची. यातलं तिसरं पाऊल सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं आहे. बहुतेक क्लब बुडतात ते पगार थकवून नव्हे, कर थकवून. खेळाडू महिन्याभरात ओरड करतो, कर खात्याची नोटीस यायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तोवर रक्कम व्याज-दंडासह वाढलेली असते.

महासंघाची तपासणी समितीही होती. प्रत्येक क्लबने ठरावीक तारखांना पगार आणि कर भरल्याचे पुरावे तिच्याकडे द्यायचे असत, चुकल्यास गुण कापले जात. पण समितीसमोर येई तो क्लबने नोंदवलेलाच व्यवहार. नोंदीबाहेरचं पाहायला झडतीचा अधिकार लागतो, आणि तो वित्तीय पोलिसांसारख्या तपास यंत्रणांकडे असतो.

२०१४ च्या शरदात मेन्स साना नव्या कंपनीच्या रूपात तिसऱ्या स्तरावरच्या सेरी बी मध्ये उतरली. सभागृह तेच, हिरवा-पांढरा रंग तोच. पहिल्याच वर्षी तिने दुसऱ्या स्तरावर बढती मिळवली. पण मालकीत स्थैर्य आलं नाही, देणी पुन्हा साचत गेली, आणि २०१८-१९ चा हंगाम संपण्याआधीच तिला लीगमधून बाहेर काढण्यात आलं. त्यानंतर क्लब पुन्हा प्रादेशिक स्तरावरून, स्थानिक मुलांना घेऊन सुरू झाला.